दोन सामान्य गाणी आणि एक आठवडा

१४ ऑगस्ट १९९५, सोमवार. त्या दिवशी ब्रिटनभरच्या रेकॉर्डच्या दुकानांत दोन सिंगल्स एकदमच विक्रीला आली. एक ब्लरचं 'कंट्री हाउस', दुसरं ओएसिसचं 'रोल विथ इट'. दोन्ही बँड गिटारवाले, दोन्ही ऐन भरात, आणि दोघांनाही त्या आठवड्यात पहिला नंबर हवा होता. पुढच्या रविवारी, २० ऑगस्टला, चार्ट जाहीर झाला. 'कंट्री हाउस'च्या साधारण २,७४,००० प्रती खपल्या होत्या, 'रोल विथ इट'च्या २,१६,०००. ब्लर पहिला, ओएसिस दुसरा.

या आठवड्याला तिकडे 'बॅटल ऑफ ब्रिटपॉप' म्हणतात. त्यावर पुस्तकं आहेत, डॉक्युमेंटरी आहेत. तेव्हा पंधरा वर्षांची असलेली पोरं आज पंचेचाळिशीत आहेत, आणि आपण दोघांपैकी कोणतं सिंगल घेतलं होतं हे अजून छातीठोकपणे सांगतात. शाळेत या प्रश्नावरून मैत्र्या तुटल्याचे किस्से तर इंटरनेटवर ढिगाने सापडतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही दोन्ही गाणी त्या त्या बँडच्या चांगल्या गाण्यांत मोडत नाहीत. नोएल गॅलॅगरनेही नंतर मुलाखतींमधून हे कबूल केलंय. त्याच्या मते सामना लावायचाच होता तर 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' आणि 'गर्ल्स अँड बॉइज' यांचा लावायला हवा होता. मग दोन सामान्य गाण्यांची ही कुस्ती इतकी लक्षात का राहिली? आणि त्यानंतर दोन वर्षांनी, महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जन्मलेल्या माझ्यापर्यंत ती तयार निकालासकट कशी पोचली?

हॉस्टेलमधला निकाल

मला हा निकाल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मिळाला. हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं. सीनियर्सच्या हार्ड डिस्कवरून सिनेमे, सिरीज, गाणी, मागच्या दहा वर्षांचे पेपर, सगळं मिळायचं. आमच्या मजल्यावर एका सीनियरकडे गिटार होती आणि हॉस्टेलात गिटार असलेल्या प्रत्येकासारखा तोही 'वंडरवॉल' वाजवायचा. त्याने मला ओएसिसचं फोल्डर दिलं आणि सोबत एक वाक्य दिलं. ओएसिस म्हणजे खरी पोरं, ब्लर म्हणजे नुसती शायनिंग.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलो. व्हायव्हात उत्तर यायचं, पण मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या रोल नंबरकडे वळलेले असायचे. अशा वेळी ही गोष्ट कानावर पडली. एका बाजूला मँचेस्टरच्या बर्नेज भागात सरकारी घरात वाढलेले, आयर्लंडहून आलेल्या आईबापांचे दोन भाऊ, जे टीव्हीवरही आपल्या गल्लीतल्या बोलीतच बोलतात. दुसऱ्या बाजूला आर्ट कॉलेजात शिकलेली, देखणी, टापटीप, शब्दांशी खेळणारी पोरं. मी कोणाच्या बाजूला जाणार हे उघड होतं. लियम गॅलॅगर काय म्हणतोय ते मला अर्ध्याहून जास्त कळत नसे. तरी तो आपला वाटायचा.

आमच्या वर्गात एकाला ब्लर आवडतो असा बोलबाला होता. तो फाडफाड इंग्रजी बोलायचा. आम्ही त्याचं नाव 'कंट्री हाउस' ठेवलं. तो मेसमध्ये आला की आमच्या टेबलावरून कोणीतरी हे नाव हळूच पण त्याला ऐकू जाईल इतपत म्हणायचं. बहुतेक वेळा म्हणणारा मीच असायचो. त्याचे वडील रेल्वेत होते, दर तीनचार वर्षांनी बदली व्हायची, म्हणून केंद्रीय विद्यालय आणि म्हणून ते इंग्रजी, हे मला शेवटच्या वर्षी कळलं. आणि 'कंट्री हाउस' हे गाणं मी तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही ऐकलेलं नव्हतं.

हा लेख लिहिण्याचं कारण तेवढंच आहे. मी एका गाण्यावर निकाल देत होतो आणि ते गाणं ऐकलेलं नव्हतं.

सामना ठरला कसा

१९९५ च्या सुरुवातीला या दोन बँडांत वैर नव्हतं. फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्समध्ये ब्लरला चार बक्षिसं मिळाली, तेव्हा डेमन ऑल्बर्न मंचावरून म्हणाला होता की यात ओएसिसचाही वाटा हवा होता. वसंतात ओएसिसचं 'सम माइट से' पहिल्या नंबरावर गेलं. त्याच्या पार्टीला डेमन गेला होता, तिथे लियमने त्याला तोंडावर डिवचलं, असं डेमन सांगत आलाय. त्यानंतर ब्लरच्या बाजूने 'कंट्री हाउस'ची तारीख हलवून ओएसिसच्या तारखेला आणून भिडवली गेली.

पुढचं काम छापखान्यांनी केलं. एनएमई या संगीत साप्ताहिकाने १२ ऑगस्टच्या अंकाचं मुखपृष्ठ मुष्टियुद्धाच्या पोस्टरसारखं केलं. ऑगस्टमध्ये तिकडे संसदेला सुट्टी असते, बातम्यांचा दुष्काळ असतो. त्यामुळे दोन गाण्यांची स्पर्धा टीव्हीच्या मुख्य बातम्यांत गेली. मांडणी सोपी होती. उत्तर विरुद्ध दक्षिण, कामगार विरुद्ध मध्यमवर्ग, मँचेस्टर विरुद्ध लंडन.

या मांडणीत एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली. ब्लरचं लेबल फूड तोवर ईएमआयने विकत घेतलेलं होतं. ओएसिसचं लेबल क्रिएशन, ज्याची ख्याती स्वतंत्र बाण्याची, त्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा १९९२ पासून सोनीकडे होता. म्हणजे पोरं आपापसांत भांडत होती आणि दोन्हीकडचा गल्ला बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे जात होता. त्या एका आठवड्यात दोन्ही मिळून ४,९०,००० सिंगल्स खपली. तोट्यात कोणीच गेलं नाही.

हरलेल्या बाजूच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. ओएसिसच्या बाजूने सांगितलं गेलं की त्यांच्या सीडीच्या बारकोडमध्ये घोळ होता, काही विक्री नोंदलीच गेली नाही. शिवाय 'कंट्री हाउस' दोन वेगवेगळ्या सीडींवर निघालं होतं. एका सीडीवर माइल एंडच्या मैफिलीतली लाइव्ह गाणी होती. कट्टर चाहता दोन्ही घेणार आणि चार्टमध्ये एका माणसाचे दोन खप धरले जाणार. 'रोल विथ इट'ची सीडी एकच होती.

माझं रोजचं काम म्हणजे काहीतरी मोजणारा कोड लिहिणं, त्यामुळे या भागात मी जरा जास्तच रमतो. पण माझ्या मते मोजणीतला घोळ हा मुद्दाच नाही. चार्ट एक साधा प्रश्न विचारतो: या सात दिवसांत काउंटरवर काय किती खपलं? त्याचं उत्तर त्याने दिलं. चाहत्यांना मात्र दुसराच प्रश्न ऐकू आला: तू कोणाचा? बारकोड कितीही चोख असता तरी त्या प्रश्नाचं उत्तर सीडीच्या खपातून निघालं नसतं.

गंमत म्हणजे त्या आठवड्यांत खुद्द बँडवाले टिंगलीच्या मूडमध्ये होते. टॉप ऑफ द पॉप्समध्ये गाणं मागे वाजायचं आणि कलाकार नुसते ओठ हलवायचे. ओएसिसने तिथे भूमिका बदलल्या: नोएल गात असल्याचा आणि लियम गिटार वाजवत असल्याचा अभिनय केला. ब्लरच्या वेळी त्यांचा बेसवादक ॲलेक्स जेम्स ओएसिसचा टी-शर्ट घालून उभा राहिला. चाहते घरी बसून मात्र दात-ओठ खात होते.

पुढे हा विनोद नासला. सप्टेंबरमध्ये नोएल एका मुलाखतीत बोलून गेला की डेमन आणि ॲलेक्सला एड्स होऊन ते मरावेत. नंतर त्याने माफी मागितली. एड्सने माणसं मरत होती त्या काळात हे बोललं गेलं होतं. 'खरी पोरं मनात येईल ते बोलतात' हे कौतुक ज्यांच्या तोंडी असतं, ते हा प्रसंग सहसा सांगत नाहीत. माझ्या सीनियरनेही सांगितला नव्हता.

गाणी ऐकू या

आता गाण्यांकडे. आधी माझ्या बाजूचं, म्हणजे 'रोल विथ इट'.

गिटारांची एक जाड भिंत, मध्यम लय, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहिलेला आवाज. शब्दांचा आशय असा की आपण आपल्यासारखं राहावं, कोणाला मध्ये येऊ देऊ नये. रिक्षाच्या मागे लिहिता येईल इतपतच तो आहे. त्या वेळच्या समीक्षकांनी याची तुलना स्टेटस क्वोशी केली, म्हणजे एकाच ठेक्यावर वर्षानुवर्षं गाडी हाकणाऱ्या बँडशी, आणि ती अगदीच अन्यायाची नव्हती.

तरीही ते गाणं तरतं, कारण लियम. तो स्वर ओढतो, ताणतो, शेवटाला आणून जमिनीवर आपटतो. साधा 'मी' म्हणतानाही या माणसाला अडवायची कोणाची टाप नाही असं वाटतं. अठरा वर्षांचा असताना मला याचीच गरज होती. शब्दांत काही नव्हतं, ही आज ऐकताना दिसणारी उणीव तेव्हा माझ्या पथ्यावर पडली. शब्द कळायची अटच नव्हती.

त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला 'रॉकिंग चेअर' नावाचं गाणं आहे. ते मला पुढच्या गाण्याहून कितीतरी सरस वाटतं. त्यात कंटाळा आहे, गाव सोडून जायची इच्छा आहे, आणि नोएलची चाल आहे तीही जरा हळवी. पण चार्टच्या लढाईला हळवं गाणं चालत नाही.

आता 'कंट्री हाउस'. हे मी पूर्ण ऐकलं ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ऑफिसच्या कॅबमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना. ट्रॅफिक नसता तर कदाचित तेव्हाही ऐकलं नसतं.

शहरातल्या धावपळीला वैतागून खेड्यात मोठं घर घेणाऱ्या श्रीमंत माणसाची ही गोष्ट. ती फूड लेबलच्या डेव्हिड बाल्फवरून सुचलेली आहे. तो खरोखरच असं घर घेऊन निघून गेला होता. गाण्यात ब्रासचा पिपाणी-छाप गाजावाजा आहे, जुन्या इंग्रजी म्युझिक हॉलची आणि किंक्सच्या गाण्यांची आठवण देणारा. डेमन लंडनचा ठसठशीत उच्चार लावून गातो. व्हिडिओ डेमियन हर्स्टचा. त्यात बेनी हिलच्या धर्तीची, बायकांमागे धावण्याची थट्टा आहे. ब्लरचाच गिटारवादक ग्रॅहम कॉक्सनला तो व्हिडिओ आवडला नव्हता, आणि आज तो बघवत नाही.

इथवर आमचा 'शायनिंग'चा आरोप टिकतो. पण गाण्याच्या मध्यात एक जागा आहे. गाजावाजा मागे सरतो, लय सैल पडते आणि एक वेगळाच सूर वर येतो. तो कसलीच थट्टा करत नाही. आपल्याला खूप वाईट वाटतंय आणि कारण कळत नाहीये, एवढंच तो सांगतो. मग पुन्हा पिपाण्या सुरू होतात आणि तो सूर त्यांच्या खालून वाहत राहतो. घर घेऊन, गोळ्या घेऊन, शहर सोडूनही त्या माणसाचं काहीतरी बरं झालेलं नाही. डेमन स्वतः त्या काळात नैराश्याशी झगडत होता, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलंय. ते माहीत नसतं तरी ती जागा ऐकू आली असती.

म्हणून 'कंट्री हाउस' थोर गाणं ठरत नाही. गाण्यातली विनोदाची बाजू फार कर्कश आहे आणि दुःखाला दहा-वीस सेकंदांच्या वर जागा नाही. ब्लरने हेच दुःख 'धिस इज अ लो'मध्ये जास्त चांगलं सांभाळलंय. पण ज्याला आम्ही नुसती चेष्टा समजत होतो, त्यात ती जागा होती आणि ती मला माहीत नव्हती.

खरं आणि नाटकी

ब्लरवरचा वर्गाचा आरोप खोटा होता असं मी म्हणणार नाही. 'पार्कलाइफ'च्या मुखपृष्ठावर शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे आहेत. कुत्र्यांच्या शर्यती, स्वस्त सहली, लंडनच्या पूर्व भागातली बोली हे सगळं त्यांनी उचललं, अंगावर चढवलं आणि मिरवलं. ज्यांचं ते रोजचं जगणं होतं त्यांना राग आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडेही गावाकडची बोली पुण्यातल्या कार्यक्रमात विनोदासाठी वापरली जाते, तेव्हा पहिल्या रांगेतलं हसू आणि मागच्या रांगेतलं हसू एकसारखं नसतं.

पण 'वर्ग' म्हणताना त्या चार जणांकडे एकेकटं बघावं लागतं. डेमनचे वडील कलाशिक्षणातले, आई रंगभूमीच्या नेपथ्यातली. तो मध्यमवर्गीय आहे यात वाद नाही. ग्रॅहम कॉक्सनचा जन्म जर्मनीतला, कारण त्याचे वडील ब्रिटिश लष्कराच्या बँडमध्ये वादक होते. डेमन आणि ग्रॅहम कोल्चेस्टरजवळच्या एका साध्या सरकारी शाळेत एकत्र होते. ड्रमर डेव्ह राउनट्री तर बँडआधी कोल्चेस्टरच्या नगर परिषदेत कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. नगरपालिकेत कोड लिहिणारा माणूस 'उमराव' कसा, हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे जरा जिव्हाळ्याचा वाटतो. वर्तमानपत्रांच्या मांडणीत या तिघांना जागा नव्हती. डेमनचा चेहरा म्हणजे ब्लर, असं ठरून गेलं.

दुसरीकडे ओएसिसचा खरेपणाही घडवलेलाच होता, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही. नोएलने बीटल्स, टी रेक्स यांच्याकडून चाली आणि गिटारचे तुकडे उघडपणे उचलले. इन्स्पायरल कार्पेट्सचा रोडी म्हणून, म्हणजे वाद्यं वाहणारा-लावणारा म्हणून, तो वर्षानुवर्षं फिरला आणि दुसऱ्यांचे कार्यक्रम बाजूला उभं राहून शिकला. हात पाठीमागे बांधून, मान वर करून माइकखाली गाणारा लियम ही एक भूमिका आहे. ती त्याने डेमनच्या उच्चारांइतक्याच मेहनतीने उभी केलीये. फरक इतकाच की डेमनची भूमिका दिसायची आणि लियमची दिसायची नाही.

आम्ही हॉस्टेलात हेच करत होतो. तालुक्याच्या गावचा रांगडेपणा हीसुद्धा मी अंगावर चढवलेली गोष्ट होती. घरी मी इतका रांगडा कधीच नव्हतो. आई अजून सांगते की हा पोरगा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचा. हॉस्टेलात इंग्रजीची लाज लपवायला रांगडेपणा बरा पडला. त्यासाठी समोर एक 'शायनिंग' मारणारा हवा होता आणि आम्ही तो नेमला.

दुसऱ्या नंबरची गाणी

'ब्लरने लढाई जिंकली, ओएसिसने युद्ध जिंकलं' असं एक वाक्य या प्रकरणाला कायम चिकटलेलं असतं. त्याला पुरावेही आहेत. २ ऑक्टोबर १९९५ ला ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी' आला आणि खपात ब्लरच्या 'द ग्रेट एस्केप'ला मैलोगणती मागे टाकून गेला. १९९६ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये ओएसिसने तीन बक्षिसं घेतली आणि मंचावर ब्लरच्या गाण्याचं विडंबन केलं. त्याच वर्षी १० आणि ११ ऑगस्टला नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख लोकांसमोर ते गायले. तिकिटांसाठी पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी प्रयत्न केला होता.

पण या वाक्यातही गुणफलक तोच आहे, फक्त सामन्याची मुदत वाढवलीये. मला दुसरीच एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. या काळातली जी गाणी माझ्या पिढीला ठाऊक आहेत, ती चार्टवर कुठे होती ते बघा. 'वंडरवॉल' दुसरा नंबर. पल्पचं 'कॉमन पीपल', जे वर्गाच्या प्रश्नावर या दोन्ही बँडांपेक्षा धारदार बोलतं, दुसरा नंबर. ब्लरचं १९९७ मधलं 'साँग २', दुसरा नंबर.

'वंडरवॉल' आणि 'कॉमन पीपल' या दोघांच्याही वर पहिल्या नंबरावर एकच जोडी होती, रॉबसन आणि जेरोम. हे दोघे टीव्हीवरचे नट, जुनी गाणी नव्याने गाणारे. त्यातला जेरोम फ्लिन तुम्हाला माहीत आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला ब्रॉन. ज्या वर्षी अख्खा देश दोन गिटार बँडांच्या भांडणात गुंतला होता म्हणतात, त्या वर्षी लोकांनी दुकानात जाऊन ब्रॉनची गाणी घेतली. त्या चाहत्यांच्या आठवणी कोणी लिहीत नाही. कदाचित त्या आज्या होत्या, काकवा होत्या. आठवणी लिहायचं काम बहुतेक तेव्हाच्या पोरांनी केलं, आणि पोरांना भांडण आठवतं.

जिंकलेला बँड नंतर बदलला, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. 'कंट्री हाउस'सारखं गाणं पुन्हा करायचं नाही हे ब्लरला कळलं. १९९७ च्या अल्बममध्ये पिपाण्या गेल्या, कॉक्सनची खरखरीत गिटार पुढे आली. हरलेल्या बँडने मात्र सगळंच आणखी मोठं केलं: मोठी मैदानं, लांबलचक गाणी, गिटारवर गिटारचे थर. १९९७ चा 'बी हिअर नाऊ' ऐकताना आजही दमायला होतं. ब्लरला जिंकल्यावर स्वतःचा वीट आला आणि ओएसिसला हरल्यावर स्वतःबद्दलची शंकाच उरली नाही.

ब्रिटपॉपमधलं ब्रिट

नोएलची ती युनियन जॅक रंगवलेली गिटार या काळाची खूण म्हणून दाखवतात. पण तो झेंडा सगळ्या ब्रिटिश पोरांना सारखा दिसत नव्हता. लेस्टरमध्ये सुरू झालेल्या कॉर्नरशॉप या बँडचा तजिंदर सिंग हा पंजाबी वंशाचा. बँडचं नावच मुळी 'एशियन म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार' या हेटाळणीवरून उचललेलं. झेंड्याशी आणि वंशाशी खेळणाऱ्या मॉरिसीचं छायाचित्र त्यांनी १९९२ मध्ये ईएमआयच्या दारात जाळलं होतं. उत्तर-दक्षिण, कामगार-मध्यमवर्ग या मांडणीत या पोरांना रकानाच नव्हता.

याच बँडने १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' केलं. ही आशा म्हणजे आपल्या आशाताई, सांगलीच्या. पार्श्वगायन, सिनेमा आणि पंचेचाळीस आरपीएमच्या तबकड्या यांच्यावरचं हे प्रेमाचं गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा चार्टवर साठाव्या नंबराच्या वर सरकलं नाही. मग नॉर्मन कुकने त्याचा रीमिक्स केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. ज्या चार्टवर मी एवढा वेळ तोंडसुख घेतोय, त्याच चार्टच्या माथ्यावर एकदा एका मराठी गायिकेचं नाव होतं. गाणं तेच, आधी साठावं, मग पहिलं. नंबर गाण्याबद्दल किती सांगतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि डेमन? त्याच्या गोरिलाझ या दुसऱ्या बँडचा 'द माउंटन' हा अल्बम २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यातल्या एका गाण्यात खुद्द आशा भोसले आहेत. त्याआधी, २०१७ मध्ये, गोरिलाझच्याच 'वी गॉट द पॉवर'वर नोएल गॅलॅगर गायला होता. २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कॅन्सरग्रस्त मुलांसाठीच्या कार्यक्रमात डेमन, ग्रॅहम आणि नोएल यांनी मिळून ब्लरचं 'टेंडर' वाजवलं होतं. भांडणाऱ्यांनी ते केव्हाच मिटवलंय. जुलै २०२५ मध्ये कार्डिफला ओएसिस पुन्हा मंचावर आला तेव्हा यादीत 'रोल विथ इट' होतं. लोक गळ्यात गळे घालून गात होते, आणि त्यांच्यात १९९५ नंतर जन्मलेलेही पुष्कळ होते.

मी ते मोबाइलवर बघत होतो. मलाही ओरडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. लियमचा तो ताणलेला स्वर अजूनही माझ्या पाठीच्या कण्यात जातो. त्यासाठी ब्लर वाईट असायची गरज नव्हती, हे कळायला आठ-नऊ वर्षं लागली एवढंच.

त्या रात्री मी वर्गातल्या त्या मुलाला मेसेज केला. कॉलेज संपल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. लिहिलं, की तुला आम्ही 'कंट्री हाउस' म्हणायचो, ते चुकलंच. आणि ते गाणं मी आता ऐकलंय, त्यातली मधली जागा फार चांगली आहे.

सकाळी उत्तर आलं. 'अरे ठीक आहे यार. पण कुठलं गाणं? मी ब्लरचं फक्त साँग २ ऐकलंय, तेही फिफा ९८ मध्ये होतं म्हणून. लहानपणी शेजारच्या दादाकडे सीडी होती. मला वाटायचं, माझ्या घराबद्दल काहीतरी बोलता तुम्ही लोक. आमचं तर क्वार्टर होतं.'